रेकॉर्ड डिजिटल करायच्या तर पैसे आधी सुईवर घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात सुमारे ३०० रेकॉर्ड आहेत. बहुतेक ३३ च्या (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या) एलपी, काही ४५ च्या आणि २५-३० लाखेच्या, ७८ च्या. त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या आहेत. सुटकेससारखा एक प्लेअर घरात आहेच. तो चालेल का, यूएसबी टर्नटेबल घ्यावं, की टर्नटेबल, प्रीअँप आणि ऑडिओ इंटरफेस सुटे सुटे जमवावेत? आणि १६ बिट की २४?

आधी एक हिशेब मांडू. एक एलपी ४० मिनिटांची धरली तर ३०० रेकॉर्डचे होतात १२,००० मिनिटं, म्हणजे २०० तास. रेकॉर्ड जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ ती उतरायला लागतो, इथे घाई करून चालत नाही. धुणं, वाळवणं, गाणी तोडणं, नावं घालणं धरलं की आकडा सहज दुप्पट होतो. एवढं काम कोणी दोनदा करत नाही. म्हणून उपकरण निवडताना मी एकच कसोटी लावतो: वर्षभराने हे रेकॉर्डिंग टाकून द्यावंसं वाटेल का?

याच हिशेबातून पहिली पायरी निघते आणि तिला काही खर्च नाही. संग्रहाचे दोन ढीग करा. जे मूळ टेपवरून केलेल्या चांगल्या डिजिटल आवृत्तीत मिळतं ते एका बाजूला, जे कुठेच मिळत नाही ते दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या ढिगापासून सुरुवात करा. पुष्कळदा पहिला ढीग तसाच राहतो आणि त्याने काही बिघडत नाही.

आता साखळी बघू. खोबणीतली थरथर सुई उचलते, कार्ट्रिज तिची वीज करतं, प्रीअँप ती वाढवतो आणि तिचा तोल दुरुस्त करतो, इंटरफेस तिचे आकडे करतो. लोक विचार करतात तो शेवटच्या कडीचा, कारण बिट (प्रत्येक आकडा किती बारीक) आणि किलोहर्ट्झ (सेकंदाला किती हजार आकडे) खोक्यावर छापलेले असतात. बिघाड मात्र बहुतेक वेळा पहिल्या कडीत असतो. सुईने जे उचललंच नाही, किंवा फाटकं उचललं, ते पुढे कोणतंही यंत्र परत आणत नाही. तुलनेने आजचा साधासुधा इंटरफेससुद्धा रेकॉर्डच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी शांत असतो. पैसे कमी असतील तर ते सुईकडून सुरू करून इंटरफेसकडे यावेत, उलट नको.

सुटकेस प्लेअरचा निकाल इथेच लागतो. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते खोबणीवर ५ ते ६ ग्रॅम वजन टाकतं. चांगलं मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम कार्ट्रिज साधारण १.५ ते २.५ ग्रॅमवर चालतं. सिरॅमिकची सुई ताठ असते, उंच सुरांत ती खोबणीबरोबर वळत नाही, खोबण घासत जाते. जी रेकॉर्ड जपण्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच ती झिजवते. शिवाय त्यात वजन बदलायची सोय नसते. तो प्लेअर ऐकायला ठेवा, पण या कामाला नको.

यूएसबी टर्नटेबल या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीला, मागे वजन नसतं, कार्ट्रिज बदलता येत नाही आणि यूएसबीतून येणारी पातळी कारखान्यात ठरलेली असते. एखादी जोरात कापलेली रेकॉर्ड आली की आतल्या आतच आवाज फाटतो आणि सॉफ्टवेअरमध्ये पातळी कमी करून काही होत नाही, कारण फाटणं आधीच झालेलं असतं. दुसरी वस्तू म्हणजे पूर्ण टर्नटेबल, ज्याला यूएसबी जोडीला दिलेलं असतं. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स यूएसबी हे त्यातलं ठळक उदाहरण: मागचं वजन फिरवता येतं, पुढचं हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसतं ते टोक, काढता येतं, ३३, ४५ आणि ७८ तिन्ही वेग आहेत, आतला प्रीअँप स्विचने बाजूला ठेवता येतो. हे घेतलंत तर आज यूएसबीवर सुरुवात करून पुढे वेगळा प्रीअँप आणि इंटरफेस लावता येतो. तेव्हा ‘यूएसबी की सुटं’ हा वाद बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी तपासा: वजन लावता येतं का, कार्ट्रिज बदलता येतं का, प्रीअँप टाळून थेट फोनो सिग्नल, म्हणजे कार्ट्रिजचा कच्चा सिग्नल, बाहेर काढता येतो का. तिन्हींना ‘हो’ असेल तर यूएसबी असो वा नसो, चालेल. तुमच्याकडे ७८ आहेत, म्हणून वेगाचा चौथा प्रश्नही विचारा.

वापरलेलं जुनं टर्नटेबल मिळत असेल तर ते नव्या स्वस्त टर्नटेबलपेक्षा बरेचदा सरस असतं. मात्र सुई किती तास चालली आहे हे विक्रेत्यालाही ठाऊक नसतं, म्हणून सुई नवी धराच. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास मानतात. तुमचं काम २०० तासांचं आहे, म्हणजे ७८ सोडल्या तर एका नव्या सुईत सगळा संग्रह होतो.

सुईचा आकार कोणता? गोल टोकाची सुई स्वस्त आणि सोशिक असते, पण उंच सुरांची बारीक वळणं तिला नीट गाठता येत नाहीत. लंबगोल सुई ही बहुतेकांसाठी योग्य निवड. मायक्रोलाइन किंवा शिबाता आकार खोबणीच्या भिंतीला जास्त उंचीपर्यंत टेकतात. त्याचा खरा फायदा रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात कळतो, जिथे खोबण मध्याजवळ येते, तेवढ्याच वेळात कमी लांबी वाट्याला येते आणि ‘स’, ‘श’ फाटू लागतात. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: आधीच्या गोल सुयांनी भिंतीचा जो पट्टा झिजवला, त्याच्या वरखाली या सुया टेकू शकतात, त्यामुळे झिजलेली रेकॉर्ड कधीकधी अनपेक्षित स्वच्छ वाजते. मात्र असली सुई अचूक बसवली नाही तर ती लंबगोलपेक्षा वाईट वाजते. बसवण्याचा सराव नसेल तर लंबगोल घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तेच ठेवून नुसती सुई बदलता येते: गोल, लंबगोल, मायक्रोलाइन, शिबाता आणि ७८ साठीची वेगळी. तुमच्यासारख्या मिश्र संग्रहाला ही सोय फार उपयोगी. मूव्हिंग कॉइल या कार्ट्रिजच्या दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका. त्याचा सिग्नल दहापट क्षीण असतो, प्रीअँप महाग लागतो आणि बहुतेकांत सुई घरी बदलता येत नाही.

बसवताना दोन साधनं हवीत: सुईचा भार ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि कार्ट्रिजचा कोन जुळवायला कागदी किंवा आरशाचा प्रोट्रॅक्टर. टोनआर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. वजन उत्पादकाने सांगितलेलंच लावा आणि शंका असेल तर मर्यादेच्या वरच्या टोकाकडे झुका. हलकी सुई रेकॉर्ड जपते हा समज उलटा आहे. वजन कमी पडलं की सुई भिंतींवर आपटत उड्या मारते आणि इजा तिथे होते.

आता प्रीअँप. हा फक्त आवाज मोठा करत नाही. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, नाहीतर ढोलाच्या एका ठोक्याने शेजारची खोबण फोडली असती आणि खरखरीखाली वरचे सूर बुडाले असते. कोणता सूर किती दाबायचा-उचलायचा याची ही ठरलेली रीत म्हणजे आरआयएए रेषा, १९५४ पासून प्रचलित. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी, २० किलोहर्ट्झला तेवढेच जास्त. प्रीअँप हे उलटं करतो आणि ३ ते ५ मिलिव्होल्टचा सिग्नल सुमारे १०० पट, म्हणजे ४० डेसिबल वाढवतो. यावरून दोन चुका कानाने ओळखता येतात. आवाज पातळ, पत्र्यासारखा आणि अगदी हळू येतोय? साखळीत एकही प्रीअँप नाही. आवाज घुमतोय, घोगरा आणि फाटका आहे? प्रीअँप दोन झालेत, एक टर्नटेबलमधला आणि एक बाहेरचा. टर्नटेबलच्या मागचा स्विच बघा.

प्रीअँप घेताना ४७ किलोओहम इनपुट तर सगळेच देतात, तुम्ही कपॅसिटन्स, म्हणजे वायर आणि इनपुट मिळून वीज साठवून धरण्याची क्षमता, बघा. एमएम कार्ट्रिजला वायरीसकट साधारण १०० ते २०० पिकोफॅरड हवं असतं, नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. जास्त झालं तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच एक उंचवटा तयार होतो आणि आवाज टोचतो. म्हणून टर्नटेबल ते प्रीअँप ही वायर आखूड ठेवा, मीटरभर पुरे. प्रीअँपच्या पुढची वायर लांब असली तरी चालते.

लॅपटॉपचं माइकचं भोक विसरा. ते बहुधा मोनो असतं, त्यात माइकसाठी विजेचा दाब सोडलेला असतो आणि प्रीअँपमधून येणाऱ्या लाइन सिग्नलने ते लगेच भरून वाहतं. दोन लाइन इनपुट असलेला, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ घेणारा कोणताही साधा इंटरफेस चालेल. फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ हे एक उदाहरण. बेहरिंजरचा यूएफओ२०२ फोनो प्रीअँपसकट येतो, पण तो १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर थांबतो. तोही टाकाऊ नाही, फक्त पातळी लावताना डोळ्यांत तेल घालावं लागतं.

इंटरफेस जोडताना एक चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगतो. प्रीअँपच्या लाल-पांढऱ्या वायरी एका स्टिरिओ पिनेत एकत्र करून इंटरफेसच्या एकाच इनपुटात खुपसू नका. ते इनपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे ते दोन सिग्नलांची वजाबाकी करतं. डाव्या-उजव्यात जे सारखं असतं ते उडून जातं, आणि सारखं असतं ते नेमकं मुख्य गायकाचं गाणं. वाद्यं उरतात, गायक गायब. डावं पहिल्या इनपुटात, उजवं दुसऱ्यात, दोन्ही वेगळ्या मोनो पिनांनी. निवड लाइनवर, वाद्य किंवा माइकवर नाही.

बिटांचं उत्तर सोपं आहे: २४. रेकॉर्डची स्वतःची शांत-मोठ्या आवाजातली दरी साधारण ६० ते ७० डेसिबल, १६ बिटांची ९६. म्हणजे १६ त खरं तर सगळं मावतं. २४ चा फायदा वेगळा आहे. तुम्ही पातळी निर्धास्त खाली ठेवू शकता. सगळ्यात मोठा आवाज –१२ ते –६ डेसिबलच्या मध्ये येईल असा ठेवा (० ही वरची मर्यादा, तिथे आवाज फाटतो). एखादा ओरखडा संगीतापेक्षा कितीतरी उंच उडतो, त्यालाही जागा हवी. ९६ किलोहर्ट्झही संगीतासाठी म्हणून घेत नाही मी. ओरखड्याचा आवाज फार अरुंद असतो, त्याचे जास्त नमुने हाती असले की तो काढणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याच्या कडा नीट सापडतात. १९२ ने फक्त डिस्क भरते.

डिस्कचं म्हणाल तर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओ म्हणजे मिनिटाला सुमारे ३५ एमबी, ४० मिनिटांच्या एलपीला १.४ जीबीच्या आसपास. ३०० एलपींना ४१५ जीबी. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवलं तर यातलं बरंच वाचतं आणि आवाजातला एक कणही जात नाही.

वायरी लावल्यावर घुंऽऽ असा आवाज आला तर आधी टर्नटेबलची बारीक अर्थिंगची वायर प्रीअँपच्या स्क्रूला लागली आहे का बघा. तरीही आला तर लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला तर अर्थिंगचं वर्तुळ तयार झालंय. बॅटरीवर रेकॉर्ड करा किंवा प्रीअँप आणि इंटरफेसच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्रीअँपचा अ‍ॅडॉप्टर टर्नटेबलपासून हातभर लांब ठेवल्यानेही पुष्कळ फरक पडतो. आणि रेकॉर्ड करताना स्पीकर बंद, हेडफोन लावा. स्पीकरची थरथर जमिनीतून सुईपर्यंत जाते आणि खालच्या सुरांत गाळ साचवते, तो नंतर निघत नाही.

धुण्याला उपकरणांच्या यादीत कोणी धरत नाही, मी धरतो. ओरखडे काढणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा धुण्याचं साधन आधी घ्या. ब्रशच्या मधून रेकॉर्ड फिरवायची साधी टाकी पुरते. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात फोटो धुण्यासाठी वापरतात त्या वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी नीट पसरवणाऱ्या द्रवाचे, दोन-चार थेंब, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून काढणं, आणि उभी ठेवून पूर्ण वाळवणं. नळाचं पाणी वाळल्यावर क्षार सोडतं, भांड्यांचा साबण वास आणि तेलाचा थर सोडतो, दोन्ही नकोत. धुतलेली रेकॉर्ड जुन्या धुळकट पिशवीत परत घालू नका. लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, लाख त्यात विरघळते. लेबल कोरडं ठेवा.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरेसं आहे. विंडोजवर ऑडॅसिटीतल्या ‘होस्ट’च्या यादीत (आवाज कोणत्या मार्गाने घ्यायचा ती) एमएमईऐवजी वासापी निवडा, नाहीतर २४ बिटांची निवड नावापुरती राहते. विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्येही तोच वेग, ९६, लावा आणि ‘एन्हान्समेंट’ बंद करा. पूर्ण बाजू एका दमात रेकॉर्ड करा, सुई टेकण्याआधीपासून ते शेवटच्या रिकाम्या खोबणीपर्यंत. ही कच्ची फाइल फ्लॅकमध्ये वेगळी साठवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. नाव देताना लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक आणि बाजू घाला, गाण्याच्या नावावर जाऊ नका. पुढे शोधताना क्रमांक फसवत नाही.

प्रतीवर काम करताना २० हर्ट्झच्या खालचं कापा. तिथे वाकलेली रेकॉर्ड आणि टोनआर्मची डुलणी असते, संगीत जवळपास नसतं. ठळक ओरखडे हाताने किंवा क्लिक-रिमूव्हलने काढा, पण सततची बारीक सळसळ घालवायच्या मागे लागू नका. ती काढली की टाळ्या आणि झांजा पाण्याखाली गेल्यासारख्या ऐकू येतात. ज्याला शंका येते त्याने काढलेला भाग वेगळा ऐकावा, त्यात गाणं ऐकू येत असेल तर जास्त काढलंय.

राहिल्या ७८. त्यांची खोबण रुंद असते, तिला ३ मिल, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई यात तळाला जाऊन कचऱ्यात लोळते. आरआयएए रेषाही त्यांना लागू नाही, प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्ह या सोयीत आरआयएए रेषा तयार दिलेली आहे. आरआयएएची रेषा उलटी करून लावली की प्रीअँपने केलेलं पुसलं जातं, मग तुमच्या तबकडीला जवळची रेषा लावून बघा. तबकडी मोनो आहे म्हणून दोन्ही चॅनेल शेवटी एकत्र करा, सुईच्या वर-खाली हलण्याची खरखर त्यात बरीच कटते. आधी मात्र डावं-उजवं वेगवेगळं ऐका. एक भिंत फार झिजलेली असेल तर दुसरीच घेणं बरं. टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५ वर वाजवूनही जमतं, फक्त क्रम पाळा: आधी आरआयएए उलटी, मग वेग ४५ वरून ७८, मग ७८ ची रेषा. वेग आधी वाढवला तर प्रीअँपने जिथे वळणं दिली होती ती जागा सरकते आणि उलटी रेषा चुकीच्या सुरांवर बसते.